राखून धावा : बोरिवलीच्या जंगलातून कान्हेरीपर्यंत

बोरिवली पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या कडेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार आहे. तिथून आत शिरलेला डांबरी रस्ता आधी बागेतून, मग जंगलातून आणि शेवटी चढणीवरून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जातो. जायला साधारण सहा किलोमीटर, यायला सहा. बारा किलोमीटर झाडांच्या सोबतीने, एकही सिग्नल न लागता धावायचं सुख मुंबईत क्वचितच मिळतं.

या रस्त्यावर पहिल्यांदा येणारे बहुतेक जण एकच चूक करतात. मीही ती केली होती. पहाटेची गार हवा, ओल्या मातीचा वास, समोर मोकळा रस्ता. पाय आपोआप उचलले जातात. सुरुवातीचा भाग सोपा असतो, त्यामुळे आज अंगात काही वेगळाच जोर आहे असं वाटायला लागतं. मग पाचव्या किलोमीटरच्या आसपास रस्ता चढू लागतो आणि आधी उधळलेला दम तिथे हवा असतो. त्या पहिल्या फेरीत मी चढावर कमरेवर हात ठेवून थांबले आणि परतीची सगळी वाट चालत आले. त्यानंतर कित्येक वर्षं या रस्त्यावर धावताना जे शिकले, ते एका शब्दात सांगता येतं : राखा. जाताना दम राखा, उतरताना गुडघे राखा आणि ज्या जंगलातून धावता आहात ते जंगल राखा. पुढची सगळी माहिती याच शब्दाचा विस्तार आहे.

रस्ता कसा आहे

उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि ते मुंबई व ठाणे या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. आपला रस्ता त्यातली एक बारीक रेघ. मनात त्याचे तीन तुकडे पाडून ठेवा.

पहिला तुकडा बागेचा. कृष्णगिरी उपवन, नौकाविहाराचा तलाव, वनराणी या छोट्या गाडीचे रूळ, गांधी टेकडी हे सगळं या भागात येतं. इथे माणसांची वर्दळ असते. चालणारे, योगासनं करणारे, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा.

दुसरा तुकडा जंगलाचा. बाग मागे पडते, झाडं रस्त्यावर झुकतात आणि वाहनांचा आवाज विरतो. दहिसर नदी या भागात सोबत करते. ही नदी तुळशी तलावापाशी उगम पावते आणि जंगल ओलांडून शहरातून मनोरीच्या खाडीला मिळते. रस्ता इथे हलका वरखाली होतो, पण दम काढत नाही.

तिसरा तुकडा चढाचा. शेवटचा एक-दीड किलोमीटर रस्ता वळणं घेत वर जातो आणि लेण्यांच्या पायथ्याशी संपतो. अंतर छोटं असलं तरी सगळी फेरी कशी होणार हे इथेच ठरतं.

निघण्याआधी

उद्यान सोमवारी बंद असतं. आठवड्यातला धावण्याचा दिवस ठरवताना हे आधी लक्षात घ्या. पहाटे फिरायला येणाऱ्यांना वन विभाग पास देतो. नेहमी यायचं असेल तर तो काढून घेणं सोयीचं. एखाद्याच फेरीसाठी यायचं असेल तर तिकीट खिडकी उघडण्याच्या वेळेनंतर या. आत शिरताना दारावरच्या कर्मचाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा : आज कान्हेरीपर्यंतचा रस्ता चालू आहे ना? पावसात झाड पडलेलं असतं, कधी काम चाललेलं असतं, कधी प्राण्याचा वावर असतो. त्यांनी जिथपर्यंत जा म्हटलं तिथपर्यंतच जायचं.

पोहोचणं सोपं आहे. बोरिवली स्थानकावर पूर्वेला उतरलात तर चालत पंधरा-वीस मिनिटांत दार येतं. ते चालणं वाया जात नाही, अंग तिथेच तापायला लागतं. मेट्रो ७ वर ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचं स्थानक आहे. स्वतःची गाडी आणायची गरज पडत नाही.

वेळ उजेडाप्रमाणे ठरवा. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सव्वासातच्या आसपास. बागेचा भाग झुंजूमुंजू होताना चालेल. पण जंगलाच्या भागात पाय ठेवायचा तो नीट दिसायला लागल्यावरच. त्याचं कारण पुढे येईल. संध्याकाळी या रस्त्यावर धावू नका.

एकटं जाऊ नका. दोघं-तिघं असाल तर उत्तम. मोबाइलचं नेटवर्क आत सगळीकडे सारखं मिळत नाही, त्यामुळे किती वाजता परत येणार हे घरी सांगून निघा. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन फोनमध्ये साठवून ठेवा.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर चढाची फेरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

अंगावर काय, हातात काय

सगळा रस्ता डांबरी आहे, त्यामुळे रस्त्यावर धावायचे साधे बूट पुरतात. जंगलवाटेचे जाड तळव्याचे बूट लागत नाहीत. तळवा गुळगुळीत झाला असेल तर मात्र पावसाळ्यात ते बूट घालू नका. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बूट बदलण्याचा विचार करावा. बुटाची नाडी दारापाशीच दुहेरी गाठ मारून घट्ट बांधा.

कपडे सुती नकोत. मुंबईच्या दमट हवेत सुती बनियन घामाने जड होतं आणि काखेत, मांड्यांत घासतं. घाम लवकर सुकेल असं कापड घ्या. घासणाऱ्या जागी आधीच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा.

पाणी स्वतःचं न्या, पुन्हा वापरता येईल अशा बाटलीतून. उद्यानात एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक नेऊ नये. बारा किलोमीटरला दीड तास लागणार असेल तर अर्धा ते पाऊण लिटर पाणी जवळ असावं. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी ठेवलं तर उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात फार उपयोगी पडतं.

खाणं हातात घेऊन धावू नका. इथली माकडं केळं लांबून ओळखतात आणि पिशवीचा आवाज त्यांना आपल्या आधी कळतो. निघण्यापूर्वी पाऊण तास घरी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर खाऊन या. तासाभरापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर राजगिऱ्याची वडी कमरेच्या बंद खिशात ठेवा आणि माकडं नसतील तिथेच काढा.

कानात इयरफोन घालू नका. या रस्त्यावर कान हे डोळ्यांइतकेच कामाचे आहेत. मागून सायकल येते, कान्हेरीला जाणारी बस येते, आणि काही वेळा झाडीत वानरं खाकरून सांगतात की जवळ कुणीतरी आहे.

आठ आठवड्यांची तयारी

तासभर न थांबता चालता येणाऱ्या निरोगी माणसाला आठ आठवड्यांत कान्हेरी गाठता येते. आठवड्यातून तीनच दिवस धावायचं, दोन दिवस घराजवळ आणि एक दिवस इथे. मधले दिवस विश्रांतीचे किंवा चालण्याचे. खाली दिलेलं अंतर इथल्या फेरीचं आहे. घराजवळचं धावणं त्याच्या निम्म्यापर्यंत ठेवा.

पहिला आणि दुसरा आठवडा : दारापासून दोन किलोमीटर आत आणि परत. दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला. दम लागला म्हणून चालू नका. वेळ झाली म्हणून चाला. दम लागण्याआधी चालायला शिकणं हा राखण्याचा पहिला धडा.

तिसरा आणि चौथा आठवडा : तीन किलोमीटर आत आणि परत. आता चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं.

पाचवा आणि सहावा आठवडा : चार किलोमीटर आत आणि परत, शक्य तितकं सलग. इथे जंगलाचा तुकडा ओळखीचा होतो. चढ खुणावेल, पण त्याला अजून हात लावू नका.

सातवा आठवडा : पाच किलोमीटर आत आणि परत. चढाची सुरुवात लागली की चालायचं. चालताना श्वास, पाय आणि वळणं यांच्याकडे लक्ष द्या. कुठे रस्ता जास्त उभा होतो, कुठे क्षणभर सैल होतो, हे ध्यानात ठेवा.

आठवा आठवडा : पूर्ण फेरी. चढावर हवं तेवढं चाला.

एखाद्या आठवड्यात गुडघा किंवा पोटरी दुखली, ताप आला, झोप झाली नाही, तर तोच आठवडा पुन्हा करा. दहा आठवडे लागले तरी काही बिघडत नाही. रस्ता तिथेच असतो.

प्रत्यक्ष फेरी

*दार ते बाग : अंग तापवणं.* आत शिरल्यावर पाच ते सात मिनिटं भरभर चाला. घोटे गोल फिरवा, गुडघे उचलून चाला, खांदे सैल सोडा. ताणून धरायचे व्यायाम आता नकोत, ते फेरी संपल्यावर. मग अगदी हळू धावायला लागा. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटायला लागलं, दोन-दोन शब्द निघायला लागले, की वेग जास्त झाला. सोबती मागे-पुढे असेल तर मनात पाढे न म्हणता मोठ्याने म्हणून बघा. बारा चोक अठ्ठेचाळीस एका दमात निघालं पाहिजे. घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही कसोटी खरी, कारण दाट झाडीखाली आणि वळणांवर घड्याळाचा वेग चुकूही शकतो.

बागेत डावीकडून-उजवीकडून माणसं येतात. ज्येष्ठ नागरिकांच्या अगदी जवळून झपकन जाऊ नका. चार पावलं आधी ‘काका, उजवीकडून येतेय’ एवढं म्हटलं की पुरतं.

*बाग ते नदी : लय धरणं.* जंगलाच्या भागात सावली वाढते आणि हवेत फरक जाणवतो. वेग वाढवायचा मोह इथेच होतो. तो आवरा. दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरलाही वाक्याची कसोटी तीच. श्वास नाकातोंडाने मिळून, पोटापर्यंत. हात कोपरात काटकोनात, मुठी सैल. तळहातात पापड धरलाय आणि तो मोडायचा नाही इतक्याच सैल.

इथे नजर रस्त्यावर आणि झाडांवर आलटून पालटून ठेवा. पांढुरक्या, चकाकत्या बुंध्याचं कांडोळाचं झाड एकदा ओळखता आलं की ते सगळीकडे दिसायला लागतं. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलतात आणि रस्त्यावर लाल-केशरी पाकळ्या पडतात. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस आणि आपलं राज्यफूल असलेलं ताम्हण. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर नावाचा पक्षी पहाटे माणसासारखी शीळ घालतो. पहिल्यांदा ऐकणारा हमखास मागे वळून बघतो. उतारांवर कारवी दिसेल. ती आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. म्हणजे आता २०३२ सालची तारीख मनात धरून ठेवायची.

*पायथा : थांबा घेणं.* चढ सुरू होण्याआधी अर्धा मिनिट चाला आणि दोन-तीन घोट पाणी प्या. स्वतःला विचारा : आता इथून मागे फिरले तर दारापर्यंत आरामात धावत जाईन का? उत्तर ‘हो’ असेल तरच चढाला लागा. ‘बघू’ असेल तर मागे फिरा. दारापाशी पोहोचेपर्यंत नऊ-दहा किलोमीटरची छान फेरी झालेलीच असते.

*चढ : पावलं लहान, नजर जवळ.* चढावर वेग राखायचा नसतो, श्रम सारखे राखायचे असतात. म्हणजे सपाटीवर जेवढा दम लागत होता तेवढाच चढावर लागला पाहिजे. वेग पडेल तेवढा पडू द्या. पावलं निम्मी करा, पण त्यांची गती तीच ठेवा. अंग घोट्यापासून किंचित पुढे झुकवा. कमरेत वाकू नका, त्याने छाती दबते आणि श्वास अडतो. हात थोडे जास्त हलवा, पाय त्यांच्यामागे येतात. नजर दहा-पंधरा पावलांवर ठेवा. वळणाच्या पलीकडचा चढ बघत बसलं तर मन आधी थकतं.

बोलणं पूर्ण बंद पडलं, की चालायला लागा. हात मांडीवर न टेकता, ताठ आणि भरभर. भरभर चालणारा आणि फरफटत धावणारा यांच्या वेळात या चढावर फारसा फरक पडत नाही, पण वर पोहोचल्यावर दोघांच्या पायांत मोठा फरक असतो. छातीत दुखणं, घेरी येणं, थंड घाम सुटणं यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा, सावलीत बसा आणि मदत मागा. ते अंगावर काढायचं नसतं.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे कित्येक जण याच चढावर सराव करायला येतात. त्या शर्यतीत पाय थकल्यावर पेडर रोडचा चढ समोर येतो आणि तिथे कामी येतो तो इथे शिकलेला संयम.

*वर : पाच मिनिटं आपली.* लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचल्यावर एकदम बसू नका, दोन-तीन मिनिटं फिरत राहा. वेळ असेल आणि लेणी उघडली असतील, तर पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट काढून आत जाऊन या. त्यासाठी थोडे पैसे जवळ ठेवा. बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली शंभराहून अधिक लेणी इथे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला सुरू झालेलं हे काम हजारेक वर्षं चालू होतं. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या व्हरांड्यातल्या बुद्धाच्या उंच मूर्ती बघण्यासारख्या आहेत. ‘कान्हेरी’ हे नावच कृष्णगिरीवरून आलं. इथल्या प्राकृत शिलालेखांत या डोंगराला ‘कण्हसेल’ म्हटलं आहे.

धावणाऱ्याने मात्र इथली एक गोष्ट नक्की बघावी : पाण्याची टाकी. बहुतेक विहारांच्या बाजूला कातळात टाकं खोदलेलं आहे आणि डोंगरावर पडलेला पाऊस त्यात यावा म्हणून पन्हळी कोरल्या आहेत. शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, तर तो राखावा लागतो, हे या लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना नीट माहीत होतं. आपल्या बाटलीतही या वेळी निम्मं पाणी शिल्लक असायला हवं.

*उतार : गुडघे सांभाळणं.* खरी दुखापत होते ती परतताना. वर पोहोचल्याच्या आनंदात माणसं उतारावर सुसाट सुटतात. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू आपलं वजन थोपवत असतात. तो भार उद्या-परवा जिन्यावरून उतरताना कळतो. पावलं लहान आणि झटपट टाका. टाच पुढे आपटू नका, पाय अंगाखाली पडू द्या. मागे रेलून ब्रेक लावल्यासारखं धावू नका, त्याने गुडघ्याला धक्का बसतो. वळणावर बाहेरच्या बाजूने जाऊ नका, समोरून बस येऊ शकते. रस्ता ओला असेल, तर उतार सरळ चालत उतरा.

*पायथा ते दार : हिशेब पूर्ण करणं.* आता राखलेलं थोडं खर्च करायला हरकत नाही. शेवटचे तीन किलोमीटर जाताना लागले त्यापेक्षा किंचित कमी वेळात आले, तर फेरी नीट जमली असं समजा. माझ्या लेखी या रस्त्यावरचं यश मोजायचं माप हेच. दारापाशी पोहोचण्याआधी पाच मिनिटं चाला. मग पोटऱ्या, मांड्या, पाठ यांना प्रत्येकी अर्धा मिनिट सावकाश ताण द्या. अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खा : पोहे, उपमा, उकडलेलं अंडं, ताक, जे घरी असेल ते. रस्त्यात जंगलातल्या आदिवासी पाड्यांतल्या बाया काकडी, बोरं, कैऱ्या, करवंदं विकायला बसलेल्या दिसल्या तर त्यांच्याकडून घ्या. पण माकडांच्या नजरेआड खा.

जंगलातल्या रहिवाशांसोबत

या जंगलात बिबटे आहेत. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या गणनेत उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. ते माणसाला टाळतात, त्यामुळे वर्षानुवर्षं धावूनही बिबट्या तुम्हाला कदाचित दिसणार नाही. पण त्याचा वावर मुख्यतः अंधारात आणि संधिप्रकाशात असतो. उजाडल्यावरच जंगलात शिरा असं म्हटलं ते यासाठी.

कमी उजेडात झाडीजवळ एकटं खाली वाकून किंवा उकिडवं बसू नका. उभ्या माणसापासून बिबट्या दूर राहतो; वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. बुटाच्या नाडीची दुहेरी गाठ म्हणूनच महत्त्वाची. मुलांना सोबत आणलं असेल तर ती दोन मोठ्यांच्या मध्ये हवीत. बिबट्या दिसलाच तर पळू नका आणि पाठ फिरवू नका. ताठ उभे राहा, सगळे एकत्र या, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका आणि त्याला जायला वाट द्या. तो जवळ येऊ लागला तर हात वर करून मोठ्याने आवाज करा. फोटोसाठी पुढे जाणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. दिसला ते दारावर येऊन सांगा.

माकडांना काही देऊ नका. दात दाखवून हसू नका, डोळ्यांत रोखून बघू नका. एखाद्याने खाणं हिसकावलंच तर सोडून द्या. चितळ रस्त्यावर उभं असेल तर थांबा. त्याच्यामागे आणखी असतात. पावसाळ्यात सकाळी ऊब घ्यायला साप रस्त्यावर येतात. घोणस आणि चापडा यांच्यासारखे विषारी साप या जंगलात आहेत, म्हणून रस्त्याचा मध्य सोडू नका आणि पालापाचोळ्यात पाय घालू नका.

जंगलात माणसंही राहतात. नवपाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा असे आदिवासी पाडे इथे आहेत. वारली लोक वाघोबाला देव मानतात. बिबट्याच्या शेजारी राहायची रीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पाड्यांच्या वाटांवर न विचारता शिरू नका, घरांचे आणि माणसांचे फोटो काढू नका.

ऋतूप्रमाणे बदल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. नव्याने सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबरात करा. मार्चपासून उकाडा वाढतो. मेपर्यंत अंतर निम्म्यावर आणा आणि आठच्या आत बाहेर पडा. पावसाळ्यात रस्ता सगळ्यात देखणा असतो आणि सगळ्यात निसरडाही. शेवाळ कडेला जास्त असतं, म्हणून मधून धावा. जोराचा वारा असेल तर जाऊ नका, वाळक्या फांद्या पडतात. नदीला लोंढा असेल तर पुलावर रेंगाळू नका आणि पाण्यात उतरू तर मुळीच नका. पहिल्या पावसानंतर एक आठवडा वेग विसरून जा.

पूर्ण फेरीला वेळ नसेल तर बाग आणि जंगलाची सुरुवात मिळून पाच-सहा किलोमीटर होतात. नव्या माणसाला, गुडघ्याची कुरबुर असलेल्याला आणि साठी ओलांडलेल्यांना तेवढी फेरी पुरेशी आहे.

हा रस्ता राहिला कसा

मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा आलं ते विहार तलावातून, १८६० साली. १८७९ साली तुळशी तलाव झाला. या तलावांत पाणी यायचं तर भोवतीचा डोंगर झाडांनी झाकलेला राहायला हवा, म्हणून हे पाणलोटाचं रान मोकळं ठेवलं गेलं. चारी बाजूंनी शहर वाढलं, पण हा भाग उरला. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, मग संजय गांधी, अशी राष्ट्रीय उद्यानाची नावं बदलत गेली आणि आपल्याला धावायला सहा किलोमीटरची सावली मिळाली. कुणीतरी पाणी राखलं, त्यातून जंगल राहिलं, आणि जंगल राहिलं म्हणून हा रस्ता आहे.

आपल्याला करण्यासारखं फार मोठं नाही. आणलेली बाटली, वडीचा कागद, नाक पुसलेला रुमाल परत न्या. मोठ्याने गाणी लावू नका. पानं, फुलं, पिसं उचलू नका. मुख्य रस्ता सोडून आडवाटेला शिरू नका. बंद म्हटलेल्या दिवशी बंद माना. दर फेरीत रस्त्याकडेच्या कचऱ्याचा एक तरी तुकडा उचलून दारापाशीच्या कचरापेटीत टाका. बारा किलोमीटरमध्ये एकदा वाकायला दहा सेकंद लागतात, आणि ते भर उजेडात, सोबतीने करा.

येत्या रविवारी या. पहिल्या दिवशी दोनच किलोमीटर आत जा आणि अजून धावावंसं वाटत असतानाच मागे फिरा.